स्टॅफर्डचं रुग्णालय: कागदावर पास, खाटेपाशी नापास

१ फेब्रुवारी २००८ रोजी इंग्लंडमधल्या मिड स्टॅफर्डशर ट्रस्टला, म्हणजे तिथली सरकारी रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थेला, ‘फाउंडेशन ट्रस्ट’चा दर्जा मिळाला. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, हा मानाचा दर्जा. तो मिळालेल्या रुग्णालयाला पैशाचे आणि कारभाराचे बरेचसे निर्णय स्वतः घेता येतात. ‘मॉनिटर’ या नियामक संस्थेने हिशेब, योजना, संचालक मंडळाची तयारी असं सगळं तपासून हा शिक्का मारला होता. पुढच्याच महिन्यात ‘हेल्थकेअर कमिशन’ या दुसऱ्या नियामक संस्थेने त्याच ट्रस्टच्या स्टॅफर्ड रुग्णालयाची चौकशी जाहीर केली. तातडीने दाखल झालेल्या रुग्णांचे मृत्यू तिथे अपेक्षेपेक्षा बरेच जास्त होत होते आणि रुग्णालयाकडून येणारी उत्तरं पटण्याजोगी नव्हती.

एकच रुग्णालय, दोन सरकारी तपासनीस, आणि महिन्याभराच्या अंतराने दोन उलटी मतं. आपल्या गावातल्या रुग्णालयात उपचार चांगले होतात की नाही, हे ठरवायचं कसं, असा प्रश्न ज्याला पडतो त्याने स्टॅफर्डचं प्रकरण बारकाईने पाहावं असं मला वाटतं. रुग्णालय जोखण्याची जवळजवळ सगळी साधनं तिथे हजर होती आणि बहुतेकांचा वापर चुकला. सगळी कागदपत्रं नंतर चौकशीत उघड झाल्यामुळे कोण कुठे चुकलं तेही आता दिसतं.

साधंसुधं रुग्णालय

स्टॅफर्ड हे बर्मिंगहॅमच्या उत्तरेचं मध्यम आकाराचं गाव. १९८३ साली सुरू झालेलं तिथलं रुग्णालय आसपासच्या सुमारे तीन लाख लोकांची गरज भागवत होतं. गाजलेल्या शस्त्रक्रियांसाठी लांबून कुणी तिथे येत नव्हतं. खुब्याचं हाड मोडलेली वृद्धा, न्यूमोनियाने धाप लागलेले आजोबा, पोटात अचानक दुखू लागलेला तरुण, साखर वर-खाली होणारा मधुमेही असे नेहमीचे रुग्ण. स्थानिक रुग्णालयाचा कस अशाच रुग्णांवर लागतो, त्यातही ज्यांना स्वतः उठून पाण्याचा पेला घेता येत नाही त्यांच्यावर.

२००६-०७ या वर्षात ट्रस्टने एक कोटी पौंडांची काटकसर करायचं ठरवलं. फाउंडेशन ट्रस्ट व्हायचं तर ताळेबंद नीट दिसायला हवा, हे त्यामागचं मोठं कारण. १५० हून अधिक पदं गेली. वॉर्डांची जुनी मांडणी मोडून मजल्यांनुसार नवी केली आणि त्यात प्रशिक्षित नर्सेसचं प्रमाण घटलं, मदतनिसांचं वाढलं. एवढी माणसं कमी केल्यावर खाटेवरच्या माणसाचं काय होईल, याचा अंदाज नीट घेतला गेला नाही. २००८ साली हिशेब मांडला तेव्हा शंभराहून अधिक नर्सेस कमी असल्याचं रुग्णालयाच्याच कागदांवर आलं.

खाटेपाशी बसलेल्यांना काय दिसत होतं

ज्युली बेली यांनी त्यांच्या ८६ वर्षांच्या आईला सप्टेंबर २००७ मध्ये स्टॅफर्डला दाखल केलं. नोव्हेंबरमध्ये आई तिथेच गेली. मधल्या आठवड्यांत घरच्यांनी त्यांना एकटं म्हणून सोडलं नाही, आळीपाळीने दिवसरात्र कुणी ना कुणी खाटेपाशी बसून राहिलं, कारण आपण घरी गेलो तर इथे आईकडे कुणी बघणार नाही अशी त्यांना धास्ती होती. बसल्या जागेवरून आजूबाजूच्या खाटाही दिसत होत्या. आई गेल्यावर बेलींनी स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहिलं आणि तसाच अनुभव आलेली माणसं एकामागून एक पुढे येऊ लागली. बेलींचा छोटा कॅफे होता, तिथे ही मंडळी जमू लागली. ‘क्युअर द एनएचएस’ हा गट असा उभा राहिला.

त्यांनी जे सांगितलं ते पुढे चौकशीत शेकडो जणांच्या तोंडून पुन्हा आलं. घंटा दाबूनही कुणी फिरकत नाही. माणूस मलमूत्राने भिजलेल्या चादरीवर तासन्‌तास पडून आहे. जेवणाचा ट्रे हात पोचणार नाही अशा जागी ठेवला जातो आणि काही वेळाने तसाच परत उचलला जातो. संडास घाण आहेत. तहानेने व्याकूळ रुग्णांनी फुलदाणीतलं पाणी प्यायल्याचं नातेवाइकांनी सांगितलं आणि वृत्तपत्रांनी तेच सगळ्यात ठळक छापलं.

मला मात्र फुलदाणीपेक्षा हाताबाहेर ठेवलेला पाण्याचा जग जास्त बोलका वाटतो, कारण तो कुठल्याही रुग्णालयात, कुठल्याही दिवशी तपासता येतो. या गोष्टींना ‘सोयी-गैरसोयी’ म्हणून बाजूला सारायची सवय फार जुनी आहे: उपचार वेगळे आणि पाणी-जेवण-स्वच्छता वेगळी, अशी. म्हाताऱ्या माणसाच्या शरीराला हा भेद कळत नाही. दोन दिवस पुरेसं पाणी पोटात गेलं नाही की रक्तदाब उतरतो, मूत्रपिंडांवर ताण येतो, औषधांचं प्रमाण अंगात वाढतं, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतो. मग ‘वयामुळे’ असा शेरा पडतो आणि मूळ कारण तसंच राहतं. घंटेला उत्तर मिळालं नाही की तोच माणूस स्वतः उठायला जातो, पडतो, खुबा मोडतो. ओल्या चादरीवर कूस न बदलता पडलेल्याला बेडसोर होतो, त्यातून जंतुसंसर्ग रक्तात जातो. शेवटी मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया किंवा सेप्सिस लिहिलं जातं. पाण्याचा जग तिथे कुठेच दिसत नाही.

म्हणून बेलींसारख्यांची साक्ष ही ‘भावनिक प्रतिक्रिया’ नव्हती, वैद्यकीय निरीक्षण होतं. रुग्णालयाने तिची नोंद तक्रार म्हणून केली आणि तक्रार म्हणूनच तिची वासलात लावली.

चार तासांचं घड्याळ

त्या काळात इंग्लंडमध्ये नियम होता: तातडीच्या विभागात आलेल्या १०० पैकी ९८ रुग्णांना चार तासांच्या आत तपासून घरी पाठवायचं किंवा वॉर्डात हलवायचं. नियम वाईट नव्हता. त्याआधी लोक अख्खी रात्र ट्रॉलीवर काढत होते. स्टॅफर्डमध्ये मात्र माणसं पुरेशी नव्हती आणि घड्याळ थांबत नव्हतं.

मग काय होई, ते नंतरच्या अहवालांत तपशीलवार आलं आहे. आलेल्या रुग्णांपैकी कोण गंभीर, कोण थांबू शकेल, ही पहिली निवड खिडकीवरची स्वागतिका करत असे. तिला वैद्यकीय प्रशिक्षण नव्हतं. चार तास भरत आले की एखाद्या गंभीर रुग्णाजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला तिथून ओढून किरकोळ दुखापतीच्या रुग्णाकडे पाठवलं जाई, म्हणजे तो वेळेत मोकळा होईल आणि टक्केवारी बिघडणार नाही. काही रुग्णांना तपासणी अर्धवट असतानाच शेजारच्या कक्षात हलवत. घड्याळाच्या हिशेबात तो रुग्ण विभागातून ‘गेला’, प्रत्यक्षात तो भिंतीपलीकडे तसाच पडून. दाखल होणाऱ्यांच्या कक्षात हृदयाचे ठोके दाखवणारे मॉनिटर होते, पण ते वापरायचं शिक्षण नर्सेसना दिलेलं नसल्याने काही वेळा बंद ठेवले जात. यंत्रसामग्रीची यादी करणाऱ्याला ‘मॉनिटर आहेत’ एवढंच दिसलं असतं.

हेलीन डॉनली ही तिथली नर्स. वेळेच्या नोंदी खोट्या लिहायला लावतात, रुग्णांचे हाल होतात, हे तिने २००७ मध्ये लेखी कळवलं. तिच्या म्हणण्याची दखल नीट घेतली गेली नाहीच, उलट सहकाऱ्यांकडून धमक्या आल्या, ड्यूटी संपवून रात्री गाडीपर्यंत एकटं जायची भीती वाटायची, असं तिने पुढे चौकशीत सांगितलं. ९८ टक्क्यांचा आकडा गाठला म्हणून वरून शाबासकी मिळत असताना तो कसा गाठला जातो हे सांगणारी व्यक्ती विभागातच उभी होती.

१२७ हा आकडा

आता या प्रकरणातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा भाग. एप्रिल २००७ मध्ये ‘डॉ. फॉस्टर’ या आरोग्यविषयक माहितीचं विश्लेषण करणाऱ्या संस्थेने देशभरच्या रुग्णालयांचे मृत्युदर प्रसिद्ध केले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे प्राध्यापक ब्रायन जार्मन यांनी विकसित केलेली पद्धत त्यासाठी वापरली होती. रुग्णाचं वय, आजार, तातडीने आला की ठरवून आला, सोबतच्या इतर व्याधी, हे सगळं धरून ‘देशाच्या सरासरीप्रमाणे इथे किती मृत्यू अपेक्षित आहेत’ ते काढायचं. प्रत्यक्षातल्या मृत्यूंना त्या संख्येने भागून शंभराने गुणायचं. १०० म्हणजे सरासरी. मिड स्टॅफर्डशरचा २००५-०६ चा आकडा १२७ आला.

याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. १०० मृत्यू अपेक्षित असताना १२७ झाले, एवढंच तो सांगतो. त्यातले २७ जण हलगर्जीपणाने गेले असं तो सांगत नाही. योगायोगाने आकडा वर-खाली होऊ शकतो. रुग्णालयाने सोबतच्या व्याधी नोंदवल्याच नाहीत तर रुग्ण कागदावर होते त्याहून धट्टेकट्टे दिसतात, अपेक्षित मृत्यू कमी निघतात आणि आकडा फुगतो. आणि उपचार खरोखर वाईट असले तरीही तो फुगतो. म्हणजे तीन शक्यता. त्यातली कुठली खरी, हे बाहेर बसून कळत नाही. मेलेल्या माणसांचे केसपेपर उघडावे लागतात, वॉर्डात जाऊन बघावं लागतं.

ट्रस्टने यातली मधली शक्यता उचलली: नोंदींत, म्हणजे आजारांच्या सांकेतिक क्रमांकांत, चुका आहेत. त्यांच्या नोंदी खरोखरच ढिसाळ होत्या, त्यामुळे उत्तर अगदीच खोटं नव्हतं. विभागीय आरोग्य प्राधिकरणाने बर्मिंगहॅम विद्यापीठाकडून या पद्धतीचीच तपासणी करून घेतली आणि तिथल्या संशोधकांनी पद्धतीतल्या उणिवा दाखवल्या. त्या उणिवाही खऱ्या होत्या. पुढे इंग्लंडमध्येच हजारो मृतांचे केसपेपर वाचून केलेल्या अभ्यासांत टाळता येण्याजोग्या मृत्यूंचं प्रमाण सरासरीने पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी निघालं आणि रुग्णालयाच्या मृत्युगुणोत्तराशी त्याचा संबंधही फारसा घट्ट दिसला नाही.

विद्वानांची शंका रास्त होती. ट्रस्टने आणि प्राधिकरणाने तिचा जो वापर केला तो रास्त नव्हता. आकड्यावर शंका आहे म्हणून जाऊन बघायलाच नको, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, उलटाच निघतो. पण नोंदींची चर्चा सुरू झाली आणि वॉर्डांचा विषय बाजूला पडला. त्याच एप्रिल महिन्यात स्टॅफर्डमध्ये एक मधुमेही वृद्ध स्त्री इन्सुलिन न मिळाल्याने मरण पावली. तिला मधुमेह असल्याचं कागदांवर होतं. पाळी बदलताना एका नर्सकडून दुसरीकडे माहिती नीट गेली नाही आणि केसपेपर नीट पाहिले गेले नाहीत. सात वर्षांनी, २०१४ मध्ये, न्यायालयाने या मृत्यूबद्दल ट्रस्टला दोन लाख पौंडांचा दंड केला.

२००७ आणि २००८ मध्ये एकेका आजाराबद्दल वेगवेगळे इशारे येतच राहिले. अमुक शस्त्रक्रियेनंतर मृत्यू जास्त, तमुक आजारात जास्त. दर वेळी रुग्णालयाचा रोख नोंदींकडेच. आजार वेगळा, विभाग वेगळा, रुग्ण वेगळे आणि उत्तर मात्र तेच, ही गोष्टच हेल्थकेअर कमिशनला खटकली. तिथे पाणी मुरतंय हे ओळखायला त्यांना मृत्यूच्या आकड्याइतकीच ही उत्तरं उपयोगी पडली.

या आकड्याचं पुढे जे झालं तेही सांगायला हवं. २००८ मध्ये ट्रस्टच्या नोंदींत ‘उपशामक उपचार’, म्हणजे बरं होण्याची आशा संपलेल्या रुग्णाला दिलेली काळजी, असा शेरा असलेले मृत्यू एकदम वाढले. असा शेरा पडला की तो मृत्यू अपेक्षितच होता असं गणित धरतं आणि गुणोत्तर खाली येतं. नोव्हेंबर २००९ मध्ये, कमिशनचा जळजळीत अहवाल येऊन वर्षही झालेलं नसताना, ‘डॉ. फॉस्टर’च्याच क्रमवारीत हा ट्रस्ट देशातल्या पहिल्या दहांत आला. ज्यांना रुग्णालयांच्या क्रमवाऱ्या वाचायची सवय आहे त्यांनी ही एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी. क्रमवारी बदलायला वॉर्डात काही बदलावं लागतंच असं नाही.

बाकीचे तपासनीस

त्यांची कमतरता नव्हती. २००४ मध्येच या ट्रस्टचं मानांकन तीन तारांकांवरून शून्यावर घसरलं होतं. रुग्णांच्या राष्ट्रीय पाहणीत बऱ्याच प्रश्नांना तो तळाच्या गटात होता. शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजने तिथल्या शस्त्रक्रिया विभागातल्या बेबनावावर बोट ठेवलं होतं. हेल्थकेअर कमिशनची स्वतःची वार्षिक तपासणी मुख्यतः रुग्णालयाने भरून दिलेल्या स्वयंघोषणेवर चालत असे. आम्ही निकष पाळतो, असं रुग्णालयच लिहून देणार. लोकप्रतिनिधींच्या समितीने खोलात जाऊन प्रश्न विचारले नाहीत. रुग्णांच्या वतीने बोलण्यासाठी नेमलेला मंच आपसातल्या भांडणांत अडकला. संचालक मंडळाच्या इतिवृत्तांत पैसा, उद्दिष्टं आणि फाउंडेशन ट्रस्टचा दर्जा हेच विषय भरून राहिलेले. मॉनिटरने हिशेब तपासले आणि उपचारांचा दर्जा दुसरं कुणीतरी बघत असेल असं धरलं. मॉनिटर आणि कमिशन एकमेकांशी नीट बोललेच नाहीत.

मला यात सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते गावातल्या फॅमिली डॉक्टरांचं. रुग्ण डिस्चार्ज घेऊन परत येतो तो त्यांच्याकडे. बेडसोर त्यांना दिसतो, वजन घटलेलं दिसतं, चुकीच्या गोळ्या लिहिलेल्या दिसतात. रुग्णालयाच्या बाहेर राहून आतलं सगळ्यात जास्त त्यांनाच दिसतं. चौकशी सुरू होऊन कुणी विचारीपर्यंत त्यांच्यापैकी जवळजवळ कुणी बोललं नाही. एकेकट्याला एकेकच रुग्ण दिसत होता, हे कारण समजू शकतं, पण पुरेसं वाटत नाही.

चौकशीने काय वेगळं केलं

हेल्थकेअर कमिशनचे अध्यक्ष होते सर इयन केनेडी. ब्रिस्टलच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत झालेल्या मृत्यूंची चौकशी त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली होती आणि २००१ मध्ये तिचा अहवाल आला होता. आकडे आधीपासून असूनही कुणी पाहिले नाहीत, हा ब्रिस्टलचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

कमिशनच्या चमूने केलेल्या गोष्टी ऐकायला अगदी साध्या आहेत. न कळवता गेले. रात्रीही तिथे किती माणसं असतात ते पाहिलं. ड्यूटीचे तक्ते मागवले आणि कागदावरची नर्स प्रत्यक्षात होती का ते ताडून पाहिलं. मृतांचे केसपेपर वाचले. तक्रारींचं उत्तर काय दिलं यापेक्षा तक्रारीत काय लिहिलं होतं ते वाचलं. नातेवाइकांना बोलावून ऐकून घेतलं. मे २००८ मध्ये तातडीचा विभाग पाहिल्यावर अंतिम अहवालाची वाट न बघता त्यांनी मुख्य अधिकाऱ्यांना ताबडतोब काय सुधारायचं ते लिहून कळवलं. मार्च २००९ मध्ये अहवाल आला आणि बेलींच्या कॅफेत जमणाऱ्यांनी सांगितलेलं जवळजवळ सगळं त्यात सरकारी भाषेत होतं.

त्यानंतर रॉबर्ट फ्रान्सिस या ज्येष्ठ वकिलांनी दोन चौकशा केल्या. पहिल्या चौकशीशी नऊशेहून अधिक रुग्ण-नातेवाइकांनी संपर्क साधला आणि तिचा अहवाल फेब्रुवारी २०१० मध्ये आला. दुसरी जाहीर चौकशी होती आणि तिचा प्रश्न होता, एवढे तपासनीस असताना कळलं कसं नाही? तिचा अहवाल ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आला, २९० शिफारशींसह, आणि त्याच दिवशी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी संसदेत माफी मागितली.

‘४०० ते १२०० जादा मृत्यू’ हा आकडा या प्रकरणाला कायमचा चिकटला आहे. तो कमिशनच्या अहवालाच्या कच्च्या मसुद्यात होता, अंतिम अहवालातून काढला गेला आणि वृत्तपत्रांपर्यंत पोचला. फ्रान्सिस यांनी त्यावर विसंबू नये असंच सांगितलं. मलाही तो वापरू नये असं वाटतं. एक तर वर सांगितलेलं गणित त्याचा भार पेलत नाही. दुसरं म्हणजे आकडा लढवणारे आणि आकडा खोडणारे यांच्या वादात पुन्हा तीच गोष्ट घडते: ओल्या चादरीवर पडलेली, मेली नाही पण हाल सोसले अशी माणसं हिशेबाबाहेर जातात. मृत्यू हा रुग्णालयाच्या दर्जाचा एक निकाल आहे, एकमेव नाही.

मग जोखायचं कसं

रुग्णालयाचा दर्जा तपासताना तीन थर वेगळे पाहायचे, ही मांडणी आरोग्यसेवेच्या दर्जाचे अमेरिकेतले अभ्यासक अॅव्हिडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये केली: काय आहे, काय केलं जातं आणि त्याचा परिणाम काय. इमारत, खाटा, यंत्रं, नर्सेसची संख्या हा पहिला थर. स्टॅफर्डने शिकवलं ते असं की तिन्ही थर तपासले गेले तरी ते तीन वेगवेगळ्या टेबलांवर तपासले जातात. नर्सेस कमी केल्याचं अर्थविभागाला माहीत होतं. घंटेला उत्तर मिळत नाही हे तक्रार विभागाला माहीत होतं. मृत्यू वाढल्याचं आकडेवाल्यांना माहीत होतं. तिन्ही कागद एका माणसासमोर ठेवले असते तर तज्ज्ञाची गरजच नव्हती.

म्हणून माझ्या मते रुग्णालयाबद्दल सर्वात जास्त सांगून जाणारी गोष्ट म्हणजे वाईट बातमीला ते पहिलं उत्तर काय देतं. आकडा वाईट आला की ‘नोंदींची चूक’, तक्रार आली की ‘तुरळक घटना’, नर्स बोलली की ‘तिचा स्वभावच तसा’, ही उत्तरं ज्या रुग्णालयात सवयीची झाली तिथला प्रत्येक चांगला आकडाही संशयाने पाहावा. याउलट, गेल्या महिन्यात किती रुग्ण वॉर्डात पडले, किती जणांना बेडसोर इथे आल्यावर झाला, काल रात्री किती नर्सेस असायला हव्या होत्या आणि किती होत्या, एवढं विचारल्यावर वॉर्डची मुख्य नर्स न चाचरता सांगू शकत असेल, आणि मागच्या एखाद्या तक्रारीनंतर काय बदललं ते दाखवू शकत असेल, तर आकडे मध्यम असले तरी मी त्या रुग्णालयावर विश्वास ठेवीन. तिथे निदान बघणारी नजर आहे.

नातेवाइकांना एवढं विचारण्याची सोय नेहमी नसते, पण बघण्याची असते. घंटा दाबल्यापासून माणूस येईपर्यंत किती वेळ जातो, जेवणाचा ट्रे परत जाताना त्यात काय उरलंय हे कुणी लिहून घेतं का, पाळी बदलताना नर्सेस खाटेपाशी येऊन एकमेकींना रुग्णाबद्दल सांगतात का, आणि ज्या रुग्णाला भेटायला कुणीच येत नाही त्याची चादर कशी आहे. शेवटची गोष्ट मी सर्वांत वर ठेवीन. ज्याच्यासाठी कुणी भांडणारं नाही त्याला मिळते तीच त्या रुग्णालयाची खरी सेवा.

तपासणीची पद्धत नंतर बदलली, हे नोंदवायला हवं. २०१३ मध्ये एनएचएसचे वैद्यकीय संचालक सर ब्रूस किओ यांनी जास्त मृत्युदर असलेल्या १४ ट्रस्टची पाहणी केली, तेव्हा चमूंमध्ये डॉक्टर-नर्सेसबरोबर रुग्णांचे प्रतिनिधीही होते आणि काही भेटी न कळवता दिल्या. आकडा हा निकाल न मानता दार ठोठावायचं कारण मानला. १४ पैकी ११ ट्रस्ट विशेष देखरेखीखाली गेले. कमिशनच्या जागी आलेल्या ‘केअर क्वालिटी कमिशन’ने पाच प्रश्नांवर तपासणी सुरू केली: सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकी आहे का, गरजेला धावून येतं का, आणि नेतृत्व चांगलं आहे का. उपचारात चूक होऊन रुग्णाला इजा झाली तर ती रुग्णाला किंवा घरच्यांना स्वतःहून सांगायची, हे नोव्हेंबर २०१४ पासून एनएचएसच्या संस्थांवर कायद्याने बंधनकारक झालं. या सगळ्याला मोल आहे, तरी कायद्याने लादलेला खरेपणाही सवयीने कागदी होऊ शकतो, ही भीती मला वाटतेच.

गावाचं काय झालं

एप्रिल २०१३ मध्ये स्टॅफर्डमध्ये हजारो लोकांचा मोर्चा निघाला. मागणी होती, रुग्णालय वाचवा. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, मला वाटत नाही. त्याच रुग्णालयात त्यांची मुलं जन्मली होती, तिथे काम करणाऱ्या कितीतरी जणांनी पडेल ते काम करून रुग्ण सांभाळले होते, आणि ते बंद झालं तर पुढचं रुग्णालय लांब होतं. ज्युली बेलींवर मात्र गावातल्या काहींनी रोष धरला, त्यांच्या आईच्या कबरीची नासधूस झाली आणि त्याच वर्षी त्यांनी गाव सोडलं. हे रुग्णालय वाईट आहे असं सांगणाऱ्याला ते गावाचं वैरी ठरवून मोकळे झाले. खरं तर रुग्णालय हवं असणारे आणि ते सुधारा म्हणणारे यांचं हित एकच होतं.

नाव राखण्यासाठी जे लपवलं गेलं त्यानेच शेवटी रुग्णालयाचा घात केला. बदनामी झाल्यावर अनुभवी डॉक्टर तिथे यायला तयार होईनात. पुरेसे डॉक्टर नसल्याने डिसेंबर २०११ पासून तातडीचा विभाग रात्री बंद ठेवावा लागला. १ नोव्हेंबर २०१४ रोजी ट्रस्टकडून कारभार काढून घेतला गेला, रुग्णालय शेजारच्या स्टोक शहरातल्या मोठ्या विद्यापीठ रुग्णालयाच्या ट्रस्टमध्ये विलीन होऊन त्याचं नाव ‘काउंटी हॉस्पिटल’ झालं, आणि काही महत्त्वाच्या सेवा स्टोकला गेल्या. २००७ मध्ये नोंदींवर खल करण्याऐवजी शंभरेक केसपेपर उघडून वाचले असते आणि काढलेल्या नर्सेस परत घेतल्या असत्या, तर त्याला जो खर्च आला असता तो या सगळ्यापुढे किरकोळ होता.